पोरीला धक्क्यावर जाऊ द्या, मोजपट्टी घेऊन

भाऊ, तुमचं पत्र थोडक्यात असं: मुलगी बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मासेमारी बोटींवरच्या अपघातांवर संशोधन करायचं म्हणते. वर्सोव्यातून बाहेर पडावी म्हणून शिकवली, ही परत बंदराकडेच निघाली. तिला सेफ्टी ऑफिसरचा डिप्लोमा करायला सांगा, नाहीतर पुढची फी भरणार नाही.

मला काळजी वाटते ती या धमकीची. विंचच्या, म्हणजे जाळं ओढायच्या यंत्राच्या, दोरात तुमची दोन बोटं गेली, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. वर 'धंद्यात चालायचंच'. का चालायचं? ड्रमवर दोर येताना हातमोजा किंवा सैल बाही अडकली की हात आत खेचला जातो, आणि विंच थांबवायचा दांडा त्या माणसाच्या हाताशी नसतो. अलास्कातल्या मच्छीमारांसाठी अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने विंचवरच बसणारं बंद-बटण तयार केलं, तेही याच प्रश्नातून. तुमची पोरगी वेगळं काही मागत नाहीये.

आता डिप्लोमा. शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधला अभ्यासक्रम चांगला आहे, पण तो कारखान्याच्या घडीत बसवलेला. कारखान्यात टाकीत उतरायला लेखी परवाना लागतो, बाहेर एक माणूस उभा असतो. बोटीच्या खणात, म्हणजे मासळी साठवायच्या पोटात, मासळी कुजली की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस साचतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत साधारण १०० भाग (१०० पीपीएम) गॅस झाला की नाकच बधिर होतं आणि वाटतं, गॅस गेला. एक खलाशी पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. मूठभर खलाशांच्या बोटीवर परवाना लिहिणार कोण, गॅस मोजायचा मीटर दोरीने खाली सोडणार कोण? याचं उत्तर डिप्लोमात नाही, शोधावं लागेल.

त्या शोधाची वाट: टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) पब्लिक हेल्थ, त्यासाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा. वर्सोव्याच्या सीआयएफई या मत्स्यशिक्षण संस्थेत बहुतेक शाखांना बीएफएस्सी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, लागते.

'पोरीला बोटीवर कोण घेईल?' बरंचसं काम धक्क्यावरच होतं. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बोटी काठाला असतात. विंच, कठड्याची उंची, खणाचं तोंड तेव्हा मोजावं. बाहेरगावचे खलाशी मात्र गावी गेलेले असतात, मुलाखती ऑगस्टनंतर. 'अपघात झाला का?' विचारलं तर सगळे नाही म्हणतात. 'गेल्या हंगामात दुखण्यामुळे किती दिवस बोटीवर गेला नाहीत?' असं विचारायचं. तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशी, ओळख तुम्हीच करून द्या.

फीची शेवटची तारीख तिला आजच विचारून घ्या.