अध्यक्षांनी नाकारलेला ठराव सभेत पुन्हा मंजूर कसा करून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मंडळाच्या अध्यक्षांनी ठराव नाकारलाय, घटनेप्रमाणे तो दोन तृतीयांश मतांनी फिरवता येतो, तर सभेत नेमकं काय करायचं. दोन तृतीयांश कशाचे, हे आधी ठरवून घ्या. आमचा ठराव तिथेच बुडाला.

रत्नागिरीकडची वाडी, मी मंडळाचा चिटणीस. अध्यक्ष मुंबईला, नात्याने माझे चुलतकाका. पाखाडीला, म्हणजे वाडीतल्या दगडी पायऱ्यांच्या वाटेला, नवे चिरे बसवायचा ठराव मे महिन्यात झाला. पावसात त्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून म्हाताऱ्या माणसांनी किती वर्षं घसरायचं? काकांनी 15 दिवसांच्या मुदतीत इतिवृत्ताच्या वहीत लाल शाईने 'नामंजूर' असा शेरा मारला. तो अधिकार घटनेने त्यांना दिलेला होता, त्याबद्दल तक्रार नाही.

गणपतीत चाकरमानी आले, गौरी गेल्यावर सहाणेवर, म्हणजे देवाची पालखी टेकवतात त्या चौथऱ्यावर, सभा झाली. हजर 34. खुर्चीत काकाच. त्यांनी विचारलं, "नामंजुरीच्या बाजूने कोण?" हात वर केला म्हणजे पाखाडी हवी की नको, हेच निम्म्यांना कळेना. पुन्हा विचारून हात मोजले. पाखाडीसाठी 20, विरोधात 9, आणि पाच जण हात मांडीवर ठेवून खाली बघत बसलेले. काका म्हणाले, "34 चे दोन तृतीयांश 23. ठराव पडला. गप्प बसला तो विरोधातच." मी वहीत 'फेटाळला' एवढंच लिहिलं. आकडे लिहिले नाहीत, ते अजून सलतं.

आमच्या घटनेत शब्द होते 'दोन तृतीयांश मतांनी'. जे मत दिलंच नाही ते मोजणार कसं? दिलेली मतं 29, त्यांचे दोन तृतीयांश 20. आम्ही जिंकलो होतो! राज्यघटनेच्या कलम 368 मध्ये, म्हणजे घटनादुरुस्तीच्या कलमातसुद्धा, उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश वेगळे आणि एकूण सदस्यसंख्येचं बहुमत वेगळं सांगितलंय. तीन वर्षं मी काकांना हे सांगतोय, शिमग्यात, गणपतीत, फोनवर.

तेव्हा खुर्ची उपाध्यक्षांकडे द्यायला लावा. ज्याने नाकारलं त्यानेच निकाल देऊ नये. प्रश्न असा मांडा: 'अध्यक्षांनी नाकारला असला तरी हा ठराव मंजूर करायचा का?' म्हणजे 'होय'चा अर्थ एकच राहतो. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, तिन्ही आकडे इतिवृत्तात घ्या. निकाल चुकीचा वाटला तर तिथल्या तिथे उभं राहून हरकत घ्या आणि त्यावर सभेचं मत मागा. सभा उठल्यावर बोलून काही होत नाही, मी बोलून बघितलंय.

हे सगळं घटनेत नकाराधिकार लिहिलेला असेल तरच. नसेल तर अध्यक्षांचा नकार म्हणजे फार तर एक मत. समसमान मतं पडल्यावरचं निर्णायक मत ही वेगळी गोष्ट. नकाराची मुदत उलटली असेल तर फिरवायला काही उरतच नाही. सहकारी संस्था असेल तर 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि तुमचे उपविधी वाचा. तिथे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा.

आणि तटस्थ म्हणजे विरोधक नव्हे. त्या पाचांपैकी दोघे दुसऱ्या दिवशी माझ्या पडवीत येऊन म्हणाले, "पाखाडी आम्हालाही हवीच होती रे, पण तुझ्या काकांच्या तोंडावर हात कसा वर करणार?"