केअरटेकर घेतो की देतो?

प्रश्न : आमच्या आजोबांना सांभाळायला एक दादा येतात, घरात सगळे त्यांना केअरटेकर म्हणतात. पण एजन्सीच्या फॉर्मवर 'केअरगिव्हर' छापलंय. एक घेणारा, एक देणारा, मग दोन्हीचा अर्थ एकच कसा काय? आणि पेपरात 'काळजीवाहू मुख्यमंत्री' असतं, तो पण हाच शब्द का?

उत्तर : गोंधळ होणारच, पण मराठीत बोलून बघा. 'आजोबांची काळजी घे' असंच म्हणतो ना आपण, 'काळजी दे' म्हटलं तर बिचाऱ्यांचं बीपी वाढेल. टेकरमधलं घेणं ते हेच, दुसऱ्याचा भार आपल्या अंगावर घेणं. गिव्हर म्हणताना आपण आजोबांच्या बाजूने बघतो, त्यांना काय मिळतंय ते. काम तेच.

तरी वापरात फरक आहेच. केअरटेकर हा मुळात वास्तूशी जोडलेला शब्द, म्हणजे मालक तिथे नाही आणि हा माणूस किल्ल्या सांभाळतो, टाकी भरली का बघतो, गेलेला बल्ब बदलतो, गळकं छत दिसलं की मालकाला फोन करतो. वॉचमन चोर येऊ नये म्हणून असतो, केअरटेकर जागा नीट राहावी म्हणून. ब्रिटनमध्ये शाळेची इमारत बघणाऱ्यालाही केअरटेकर म्हणतात आणि आजारी माणसाचं करणाऱ्याला केअरर. आपल्याकडे मात्र बंगला असो की आजोबा, सरसकट केअरटेकर! चूक नाही म्हणणार मी, रुळलाय तो शब्द, पण माणसासाठी केअरगिव्हर जास्त बरा वाटतो, आणि घरचंच कोणी करत असेल, मुलगी, सून, नातू, तर त्यांनाही तो लागू पडतो.

आता काळजीवाहू. हो, केअरटेकरचंच मराठी, आणि काय झकास झालंय बघा, मालवाहू ट्रक माल वाहतो तसं हे सरकार काळजी वाहतं. अर्थही बंगल्यावरूनच लक्षात येतो : घर सांभाळायचं, भिंती पाडायच्या नाहीत. म्हणजे राजीनामा दिला, नवं सरकार यायचंय, तोवर रोजचा कारभार चालवायचा, मोठे धोरणात्मक निर्णय टाळायचे. आपल्या राज्यघटनेत हा शब्दच नाही बरं का, सगळा संकेताचा मामला. पण म्हणून हातावर हात ठेवून बसायचं असंही नाही, एप्रिल 1999 मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं आणि त्यानंतर कारगिलचं युद्ध झालं ते काळजीवाहू सरकार असतानाच.

जाता जाता, 'कार्यवाह' वेगळा हं, तो संस्थेचा सेक्रेटरी. बातम्यांत या दोघांची सरमिसळ होते तेव्हा फार चिडचिड होते माझी. आणि काळजीवाहू लिहिताना शेवटचा हू दीर्घ.