सोमवारचा पहिला शब्द

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये तू बोलायला गेलास आणि आवाज नीट फुटलाच नाही. तेव्हा तुझ्या लक्षात आलं की शुक्रवार संध्याकाळपासून तू कोणाशी एक शब्दही बोलला नव्हतास. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. मीही अकरा वर्षं घरून काम केलं आहे. तो घोगरा पहिला शब्द माझ्या ओळखीचा आहे.

घरून काम करायला मिळालं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, मग आता असं का, असं तू विचारतोस. मला वाटतं, त्या सुटकेतच उत्तर आहे. आपण दोघेही समलिंगी. ऑफिसात कोणीतरी विचारायचंच, सुट्टी कशी गेली, कोणाबरोबर गेला होतास. आपल्या भाषेत तर क्रियापदच चुगली करतं. 'तो आला होता' म्हणावं की 'ती आली होती'? मग आपण 'आम्ही गेलो होतो' म्हणून वेळ मारून नेतो. त्या 'आम्ही'च्या आड मी कित्येक वर्षं काढली. प्रत्येक वाक्य ओठांवर येण्याआधी तपासून घ्यायचं, यात माणूस थकून जातो. संशोधक इलान मेयर यांनी २००३ साली समलिंगी लोकांच्या मनावरच्या जादा ताणाची मांडणी केली. तिच्यात स्वतःला लपवणं आहे आणि नाकारले जाण्याची सततची धास्तीही आहे. घरी आल्यावर हा पहारा उठला. कॅमेरा बंद, प्रश्न बंद. पण ज्या दाराने प्रश्न येत होते, त्याच दाराने माणसंही येत होती. तू दार लावून घेतलंस यात तुझी चूक नाही. त्या वेळी तुला विश्रांतीची गरज होती. आता ते थोडं उघडायचं आहे, एवढंच.

रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक, भोवती गोतावळा नसण्याचा. दुसरा, अगदी जिवाभावाचं माणूस नसण्याचा. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. तू मात्र दोन्ही भुका एकाच ठिकाणी घेऊन जातोस, तेही रात्री अकरानंतर, डेटिंग अ‍ॅपवर. अ‍ॅपला मी नावं ठेवणार नाही. आपल्यासारखं कोणीतरी जवळपास आहे, हे अनेकांना पहिल्यांदा तिथेच कळतं. पण दिवसभर कोणाशी न बोललेला माणूस तिथे गेला की पाच ओळींनंतर समोरचा गप्प झाला तरी ते जिव्हारी लागतं. समोरच्याला फक्त झोप आलेली असू शकते, हे त्या क्षणी सुचत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांचं संशोधन हेच सांगतं: एकटेपणा हा भूक-तहानेसारखा इशारा आहे, पण तो लांबला की मन सावध होतं आणि साध्या गोष्टीतही नकार शोधू लागतं. म्हणून अ‍ॅप उघडायचंच असेल तर कोणाशी तरी मनसोक्त बोलणं झालेल्या दिवशी उघड. आणि पहिल्यांदा भेटशील तेव्हा चारचौघांत भेट, कुठे जातोयस ते एका विश्वासू माणसाला सांगून जा.

गोतावळ्याचं म्हणशील तर तो तासांनी बनतो. संशोधक जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात साध्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि घट्ट मैत्रीला २०० हून अधिक, असं दिसलं. ऑफिसात हे तास आपोआप साठतात, कोणी मोजत नाही. घरी ते मुद्दाम साठवावे लागतात. म्हणून एकदाच होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, त्याच माणसांत जाता येईल असं काहीतरी धर. गाण्याचा वर्ग, खेळ, वाचनालयातलं स्वयंसेवी काम, समलिंगी लोकांचा एखादा गट, काहीही. पहिल्या चार-पाच वेळा परकं वाटेल, घरी येऊन 'उगाच गेलो' असं वाटेल. मला सहाव्या खेपेला कोणीतरी विचारलं, 'मागच्या वेळी दिसला नाहीस?' आपण नव्हतो हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं! त्या रात्री मला शांत झोप लागली.

पण नुसत्या ओळखीने तुझं भागणार नाही, हेही मी जाणतो. ज्याच्यासमोर 'तो' हा शब्द न अडखळता निघेल असा एक तरी माणूस हवा. एकच पुरे. सगळ्यांना सांगायलाच हवं असा आग्रह कोणी धरला तर ऐकू नकोस. डोक्यावरचं छप्पर किंवा पोटापाण्याची सोय ज्यांच्या हातात आहे, त्यांना सांगण्याआधी स्वतःच्या पायावर उभा राहा.

समुपदेशकाकडे जायचं मनात आहे म्हणालास, अवश्य जा. मात्र त्याने तुला 'बदलून' देण्याची भाषा केली तर तिथून उठून ये. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. तुझा एकटेपणा हलका करणं हे समुपदेशकाचं काम आहे. आणि जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली तर सकाळची वाट पाहू नकोस, त्याच रात्री डॉक्टरला किंवा जवळच्या माणसाला उठव. मला उठवलंस तरी चालेल.

रोजच्या कामाचं थोडक्यात सांगतो. दिवसातला एक निरोप टाइप न करता फोन करून दे. काम संपलं की लॅपटॉप मिटून घराबाहेर पड, दहा मिनिटं का होईना.

आणि रविवारी संध्याकाळी सातला मला फोन कर. विषय नसला तरी कर. सोमवारच्या मीटिंगआधी तुझा आवाज कोणीतरी ऐकलेला असेल.

तुझा,
एक वडीलधारा मित्र