एकदा झाला, मग पुन्हा कसा?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता, आता परत रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. एकदा होऊन गेला की होत नाही ना? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, डेंग्यूच्या विषाणूचे चार सिरोटाइप, म्हणजे चार प्रकार आहेत. ज्याने गाठलं, त्याच्यापासून साधारण जन्मभर संरक्षण मिळतं. उरलेल्या तिघांपासून काही महिनेच. उलट दुसऱ्या खेपेला जुन्या अँटिबॉडीच नव्या विषाणूला पेशीत शिरायला मदत करतात, म्हणून आजार बळावण्याचा धोका जास्त. एनएस१ ही डेंग्यूची रक्तचाचणी प्रकार सांगत नाही, त्याला आरटी-पीसीआर लागते. उपचार मात्र चारींचा एकच.

वडगावचा एक विणकर चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून मागावर बसला. संध्याकाळी पोट धरून दवाखान्यात! हात गार, नाडी बारीक, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) ५२, म्हणजे रक्त घट्ट झालेलं. घरचे प्लेटलेटच विचारत होते (पपईच्या पानांचा रस पाजून झालाच होता), मला चिंता शिरांतून पाझरणाऱ्या पाण्याची. सलाइन मोजून दिलं, वाचला.

ताप उतरतानाचे दोन दिवस जपा. पोटदुखी, सतत उलटी, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी असं काही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. तापाला पॅरासिटामॉलच, अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. आणि नळाच्या पाण्याचं ते पिंप झाका हो.