थायलंडमधला नव्वद दिवसांचा रिपोर्ट: दिवस कधीपासून मोजायचे?

तुमच्या लांब पोस्टमधले प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नोकरीच्या व्हिसावर बँकॉकला आहात, पासपोर्टात वर्षभराच्या एक्स्टेंशनचा, म्हणजे राहायची परवानगी वाढवल्याचा, शिक्का आहे. तरी नव्वद दिवसांचा रिपोर्ट लागतो का? मधे सुट्टीला घरी जाऊन आलं तर दिवस कुठून मोजायचे? तारीख सुट्टीच्या दिवशी आली किंवा उशीर झाला तर काय? आणि मागाहून आलेल्या बायको-मुलाचं वेगळं करावं लागतं का?

लागतो. एक्स्टेंशन पुढच्या वर्षापर्यंतचं असलं तरी लागतो. इमिग्रेशनच्या लेखी तुमच्या दोन तारखा आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पहिली, राहायची परवानगी कधी संपते ती. ती शिक्क्यात लिहिलेली असते. दुसरी, तुम्ही कुठे राहता हे कळवायची. १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याच्या ३७व्या कलमात ही दुसरी आहे: सलग नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसानं दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. बस, एवढंच. त्या रिपोर्टनं मुक्काम एका दिवसानंही वाढत नाही. पावतीवरची पुढची तारीख कधी कधी एक्स्टेंशनच्याही पलीकडची पडते आणि लोक तीच मुदत धरून चालतात. रिपोर्ट चुकला तर दंड भरून सुटता. परवानगी संपूनही राहिलात तर तो ओव्हरस्टे, आणि ते प्रकरण फार वेगळं. कॅलेंडरमध्ये या दोन तारखा वेगवेगळ्या रंगात टाका.

एक सवलत मात्र आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. थायलंडमध्ये पहिल्यांदा एक्स्टेंशनचा अर्ज करता, तेव्हा तो अर्जच रिपोर्ट म्हणून धरला जातो आणि पुढचे नव्वद दिवस तिथून सुरू होतात. दुसऱ्या वर्षीच्या एक्स्टेंशनला हे लागू नाही. तेव्हा ‘गेल्या वेळी एक्स्टेंशनमध्येच झालं होतं’ म्हणून यंदा गप्प बसू नका.

आता मोजणी. देशात शिरलात तो दिवस पहिला. दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली की एक दिवस इकडचा तिकडे होतो, आणि अगदी शेवटच्या दिवशी जाणाऱ्याला तो नडतो. समजा ५ जानेवारी २०२६ ला आलात. जानेवारीचे २७ दिवस, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, झाले ८६. म्हणजे नव्वदावा दिवस ४ एप्रिल. प्रत्यक्ष ऑफिसात जायचं तर त्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत कधीही चालतं, म्हणजे २० मार्च ते ११ एप्रिल. ऐकायला ऐसपैस वाटतं. पण कॅलेंडर उघडून बघा: ४ एप्रिलला शनिवार, सोमवारी ६ तारखेला चक्री दिनाची सरकारी सुट्टी, ११ ला पुन्हा शनिवार, आणि १३ पासून सोंगक्रानची, म्हणजे थाई नववर्षाची, सुट्टी. म्हणजे नव्वदावा दिवस उलटल्यावर तुमच्या हातात मंगळवार ते शुक्रवार असे चारच दिवस राहतात, आणि नेमके त्याच चार दिवसांत तुमच्यासारखे सगळे बँकॉकमधल्या चेंग वत्तनाच्या इमिग्रेशन ऑफिसात आलेले असतात. तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर काय, याचं माझं उत्तर हेच: नंतरचे सात दिवस आपले नाहीतच असं धरा. ते ताप, पाऊस आणि बंद पडलेल्या सर्व्हरसाठी राखून ठेवा.

ऑनलाइन भरणार असाल, आणि भरावंच, तर खिडकी याहून अरुंद आहे: १५ दिवस आधी उघडते आणि ७ दिवस आधी बंद होते. वरच्या उदाहरणात २० ते २८ मार्च. मी तरी पहिल्या दोन-तीन दिवसांतच भरून टाकतो, म्हणजे अर्ज नाकारला गेला तरी ऑफिसात जायला भरपूर वेळ उरतो. ‘पेंडिंग’ दिसलं म्हणजे रिपोर्ट झाला, असं नाही. ‘अप्रूव्ह्ड’ आलं, पावती उतरवून घेतली, की मग झाला. पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांत नाव जसं आहे तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडून एकाच ओळीत छापलेलं असतं, ते फॉर्ममध्ये कुठल्या चौकटीत टाकायचं यावर लोक अडतात आणि मग सिस्टिमला तुमची नोंदच सापडत नाही. पासपोर्ट नवा काढला असेल तर त्यानंतरचा पहिला रिपोर्ट ऑनलाइन होत नाही, एकदा ऑफिसात जावंच लागतं. पोस्टानंही पाठवता येतो, रजिस्टर्ड आणि तारखेच्या किमान १५ दिवस आधी. पण पासपोर्टाच्या प्रती पोस्टात टाकून पावतीची वाट बघत बसण्यापेक्षा बाकीचे दोन मार्ग बरे.

ऑफिसात जाताना टीएम ४७ हा रिपोर्टचा भरलेला फॉर्म, मूळ पासपोर्ट, आणि फोटोचं पान, व्हिसा, शेवटच्या प्रवेशाचा शिक्का व एक्स्टेंशनचा शिक्का यांच्या सही केलेल्या प्रती न्या. आधीची पावती असेल तर तीही. रिपोर्टला फी नाही. कुणी ‘सरकारी फी’ म्हणून पैसे मागत असेल तर ती एजंटाची मजुरी आहे हे लक्षात घ्या. मजुरी द्यायला हरकत नाही, पण नाव योग्य द्यावं. दुपारी बारा ते एक जेवणाची सुट्टी असते, अकरा वाजता पोचणाऱ्याचे दोन तास हमखास जातात. पावती मिळाली की ती पासपोर्टात स्टेपल होते. पुढची तारीख त्या चिटोऱ्यावर छापलेली असते. तीच खरी. स्वतः ९० मिळवत बसू नका. लवकर गेल्यावर पुढची मोजणी जुन्या तारखेपासून धरली की गेलेल्या दिवसापासून, याचं उत्तर त्या कागदावरच असतं.

सुट्टीला घरी जाऊन आल्यावर मोजणी पुन्हा एकपासून. जुनी पावती त्या क्षणी रद्दी. दर दोन महिन्यांनी कामासाठी सिंगापूरला जाणाऱ्या माणसावर रिपोर्टची वेळच येत नाही, हे यामुळेच. पण जाण्याआधी री-एंट्री परमिट, म्हणजे त्याच एक्स्टेंशनवर परत यायची परवानगी, घेतलंय का? ते न घेता देश सोडला की एक्स्टेंशन तिथल्या तिथे संपतं, आणि नव्यानं व्हिसा काढण्यापासून सुरुवात. एका वेळचं १,००० बात (थाई चलन), कितीही वेळांचं ३,८००. विमानतळावरही मिळतं, पण फ्लाइटच्या आधी रांगेत उभं राहून जीव टांगणीला लावण्यापेक्षा त्याच चेंग वत्तनाच्या फेरीत उरकून टाका.

परत येताना विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीपासून हलण्याआधी शिक्का वाचा. री-एंट्रीवर आलेल्या माणसाच्या शिक्क्यात एक्स्टेंशनची मूळ तारीख यायला हवी. अधिकाऱ्यानं घाईत री-एंट्रीचं पान पाहिलं नाही तर पर्यटकाच्या मुदतीचा शिक्का बसू शकतो. तिथेच दाखवलंत तर मिनिटभरात दुरुस्त होतो; घरी जाऊन लक्षात आलं तर अर्धा दिवस गेला. शिवाय १ मे २०२५ पासून येण्याआधीच्या तीन दिवसांत टीडीएसी नावाचं ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे.

पत्त्याचं आणखी एक कलम आहे, ३८वं. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं २४ तासांत कळवायचं, ते टीएम ३०. जबाबदारी मालकाची, पण अडकता तुम्ही, कारण इमिग्रेशनच्या सिस्टिममध्ये हा पत्ता नसला की रिपोर्ट किंवा एक्स्टेंशन करताना खिडकीवर विचारणा होते. घर बदललंत की मालकाकडून टीएम ३० ची पावती मागून घ्या, आणि तिच्यावरचा पत्ता तुम्ही रिपोर्टमध्ये भरता त्याच्याशी शब्दशः जुळवा. मालक टाळाटाळ करत असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत घेऊन तुम्हीही ते भरू शकता. त्याच घरी परत येताना ते दरवेळी नव्यानं भरायची सक्ती २०२० मध्ये सैल झाली, तरी काही ऑफिसं अजून मागतात. माझ्या मते वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणं स्वस्त पडतं.

उशीर झालाच तर? सात दिवसही उलटले तर आपणहून जा. २,००० बात दंड, एक पावती, आणि विषय संपला. जितके दिवस लपवाल तितकं वाईट: तुम्ही न जाता कुठे तपासणीत सापडलात तर कायद्यात दंड ५,००० पर्यंत आहे आणि वर दिवसाला २०० पर्यंत. पुढचं एक्स्टेंशन करायला गेल्यावर तसंही ते बाहेर येतंच. ओव्हरस्टेचा हिशेब याहून कडक: दिवसाला ५००, कमाल २०,०००. आणि नव्वद दिवसांहून जास्त झाला असेल तर स्वतःहून बाहेर पडलात तरी एक वर्ष प्रवेशबंदी. पकडले गेलात तर थोड्या दिवसांच्या ओव्हरस्टेलाही पाच वर्षं. म्हणून वर दोन रंगांचा हट्ट धरला.

‘एचआर बघेल’ हे वाक्य तुमच्या पोस्टमध्ये दोनदा आलंय. मोठ्या कंपन्यांत बघतातही. पण दंडाची पावती तुमच्या नावानं फाटते, आणि एचआरमधली व्यक्ती नोकरी सोडून गेली की तिच्या एक्सेल शीटबरोबर तुमची तारीखही जाते. त्यांना करू द्या, पण मंजूर झालेल्या पावतीची पीडीएफ स्वतःच्या फोनमध्ये आल्याशिवाय सोडू नका.

बायको आणि मुलगा: हो, वेगळं. प्रत्येक पासपोर्टाचा वेगळा रिपोर्ट, मुलगा शाळकरी असला तरी. ते तुमच्या नंतर आले, म्हणजे त्यांची पहिली तारीख तुमच्या तारखेशी जुळणार नाही. जुळवायची असेल तर सोपा उपाय: पुढच्या सुट्टीला तिघं एकाच विमानानं परत या, तिघांचा पहिला दिवस एकच होईल. तोपर्यंत त्यांच्या पासपोर्टातले प्रवेशाचे शिक्के आज बघा. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्यांची ऑनलाइन खिडकी बहुधा याच आठवड्यात उघडते आहे. मुलाचा फॉर्म तुम्ही भरून सही करू शकता, आणि ऑफिसात जायची वेळ आली तर तिघांचे पासपोर्ट घेऊन एकानं गेलं तरी चालतं.