वाचकांचे प्रश्न: कॉन्ट्रॅक्टरवर केस आहे का, कुठे बघायचं?

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनला राहतो. छताचं काम द्यायचंय, पण कॉन्ट्रॅक्टर अर्धे पैसे आधीच मागतोय. त्याच्यावर कोर्टात केसेस आहेत का हे आपल्यासारख्यांना बघता येतं का, की वकीलच लागतो?

उत्तर: वकील कशाला, घरबसल्या बघता येतं. फक्त सगळं एका ठिकाणी नसतं, हीच खरी कटकट आहे. ह्यूस्टनचा बराचसा भाग हॅरिस काउंटीत येतो, तर आधी काउंटी क्लर्कच्या (काउंटीच्या नोंदी ठेवणारं ऑफिस) साइटवर जाऊन 'अझ्युम्ड नेम'मध्ये, म्हणजे धंद्याच्या नावामागे मालक कोण याच्या नोंदीत, कंपनीचं नाव टाका, कारण बरेच जण दुकानाच्या नावाने धंदा करतात आणि केस असते माणसाच्या नावावर, त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव शोधून काही सापडलं नाही म्हणून खूश होऊ नका. मालकाचं खरं नाव मिळालं की डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे (डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या केसेसच्या नोंदी ठेवणारं ऑफिस) मोठे दावे बघा. पण अशा लोकांचे बरेच वाद २०,००० डॉलरच्या आतलेच असतात, ते जस्टिस ऑफ द पीस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, त्याचा सर्च वेगळा. दिवाळखोरी फेडरल कोर्टात, म्हणून पेसरवर (PACER, फेडरल कोर्टांच्या नोंदींची ऑनलाइन सेवा), पानाला १० सेंट, तीन महिन्यांत ३० डॉलरपर्यंत झाले तर माफ. पैसे उकळणाऱ्या 'बॅकग्राउंड चेक' साइट्सच्या नादी नका लागू.

आणि केस दिसली म्हणजे माणूस चोर असं नाही हं, निकाल काय लागला तेही वाचा. एकाच प्रकारच्या चार तक्रारी दिसल्या तर मात्र दुसरा बघा.