बालवर्ग घेण्याआधी घरं बघून ये

बडोद्याच्या दांडिया बाजारातला रविवारचा बालवर्ग आता तू घेणार, फार बरं वाटलं गं. बावीस वर्षं मी तो घेतला, म्हणून हक्कानं सांगते. श्लोक, पाढे मुलं पटापट पाठ करतात, त्याची काळजी नको. पहिल्या महिन्यात प्रत्येकाच्या घरी जाऊन ये. "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" असं पोराला शिकवणारं घर असेल, तर तुझी खरं बोलण्याची गोष्ट दारातच अडते.

एकदा एका मुलाच्या चेंडूनं शेजारच्या गुजराती आजींची तुळशीची कुंडी फुटली; त्यांना सगळे 'बा' म्हणत. आई पैसे घेऊन निघाली. मी म्हटलं, थांब, त्यालाच पाठव. बा ओरडल्या नाहीत. त्याच्याच हातानं माती गोळा करवली, नवी कुंडी भरवली आणि महिनाभर रोज पाणी घालायला लावलं. पंधराव्या दिवशी तो मला सांगत आला, "काकू, नवं पान फुटलं!" आईला मात्र गप्प बसणं जड गेलं. शेजाऱ्यांना असा हक्क द्यायला आता पालक कचरतात. तू तो आग्रहानं मागून घे.

सयाजीरावांनी १९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल घडवणं एकट्या घराचं काम नाही, ही समज इथे जुनीच आहे.

आणि उशिरा येणाऱ्याला चारचौघांत बोलू नकोस. घरी फोन कर. बहुतेकदा उशीर मोठ्यांचाच असतो.